खाणीचा गाळ आणि त्यात अडकलेलं पाणी

(घोडबंदर रोड, ठाणे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते रसायनशास्त्र शिकवत. उरलं काय आणि ते गेलं कुठे, एवढं विचारल्याशिवाय ते फळ्यावरचं समीकरण पुसत नसत. त्यामुळे त्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी उरलेल्या वस्तूवरच बोलावं असं मी ठरवलं. खाणीतून दगड काढला, दळला, धुतला, त्यातलं कामाचं खनिज वेगळं केलं; त्यानंतर जो पाणचट चिखल मागे राहतो, त्याला खाणीवरची माणसं टेलिंग म्हणतात. तो चिखल निवळवणारी रसायनं आणि त्या रसायनांवर आपण किती विसंबावं, हा आजचा विषय.

घोडबंदर रोडवर खाणीचं काय काम, असं कुणी विचारेल. कोलशेत रोडवरच्या पोस्ट ऑफिसचं नाव आजही सँडोझबाग आहे, पिन कोड ४००६०७. सँडोझचा रसायन विभाग १९९५ मध्ये क्लॅरियंट झाला, पुढे कारखाना गेला आणि त्या जागी टॉवर उभे राहिले. पण त्या पट्ट्यातल्या रंग-रसायनांच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेली मंडळी या सभागृहात आहेत. सांडपाण्याच्या टाकीत पॉलिमर सोडल्यावर गाळ कसा खाली बसतो, हे त्यांनी रोज पाहिलं आहे. आणि चिखल तर आपल्या दारातच आहे. टिकुजिनीवाडीपासून मागाठाण्यापर्यंत ११.८ किलोमीटरचा रस्ता होतो आहे. १३ जुलै २०२४ रोजी त्याचं भूमिपूजन झालं, आणि त्यातला दहा किलोमीटरहून अधिक भाग राष्ट्रीय उद्यानाखालच्या जुळ्या बोगद्यांचा आहे. बोगदा खोदला की खडकाची भुकटी आणि पाणी एकत्र येणार. वडाळा ते कासारवडवली आणि पुढे गायमुख, अशी मेट्रोही आपण खांबाखांबानं उभी राहताना पाहिली. खाण गोव्यातल्या डिचोलीत असो की बोगदा मानपाड्याच्या डोंगरात, दळलेला दगड पाण्यात मिसळला की त्याचं शास्त्र एकच.

आधी अडचण समजून घेऊ. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. कणाचा व्यास शंभरपटीनं कमी करा, म्हणजे एक मायक्रॉनवर आणा. त्याचा वेग शंभरपटीनं नाही, दहा हजारपटीनं घटतो, कारण वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. हा नियम जॉर्ज स्टोक्सनं १८५१ मध्ये मांडला. त्या हिशेबानं एक मायक्रॉनच्या कणाला तेच मीटरभर अंतर कापायला तेरा दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. त्याहून बारीक कण कधी खाली बसतच नाहीत. मातीच्या कणांवर पाण्यात ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण जवळ येत नाहीत, जवळ येत नाहीत म्हणून जड होत नाहीत आणि जड होत नाहीत म्हणून तरंगत राहतात. पावसाळ्यात उल्हास नदीला महिनोन्‌महिने गढूळपणा असतो, त्यामागेही हेच कारण आहे.

यावरचा पहिला उपाय म्हणजे तो भार मारणं. चुना, जिप्सम, तुरटी, फेरिक क्लोराइड ही त्यासाठीची रसायनं. शुल्झ आणि हार्डी या दोघांच्या नावानं ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे. पाण्यातल्या आयनावरचा विरुद्ध भार वाढला की त्याची लागणारी मात्रा झपाट्यानं उतरते. सोडियमच्या मानानं कॅल्शियम चौसष्टपट प्रभावी, ॲल्युमिनियम सातशे एकोणतीसपट. म्हणून मीठ टाकून पाणी निवळत नाही आणि तुरटीनं निवळतं. शहाड-टेमघरच्या योजनेतून तुमच्या नळाला येणारं पाणी असो की मुंबईसाठीचं भांडुप संकुल, जलशुद्धीकरणाची सुरुवात तुरटीनं किंवा तिच्या जातीच्या पॉली ॲल्युमिनियम क्लोराइडनं होते. प्लँटवर त्याला नुसतं पॅक म्हणतात. आपल्याकडे माठाच्या आतल्या बाजूला निवळीची बी घासून पाणी ठेवायची रीत होती. सुश्रुतसंहितेत तिचा कतक नावानं उल्लेख आहे. त्या बीमधले लांब साखळीचे रेणू कणांना एकमेकांशी बांधतात, आणि हाच पुढचा, अधिक ताकदीचा उपाय आहे.

भार मारल्यावर होणाऱ्या गुठळ्या लहान आणि हलक्या असतात. त्या मोठ्या करायला साखळी लागते. खाणकामात पूर्वी त्यासाठी स्टार्च वापरत. १९५० च्या दशकात पॉलिॲक्रिलामाइड आलं आणि चित्र पालटलं. याच्या एका रेणूत दोन लाखांहून अधिक कड्या असू शकतात. तो पूर्ण ताणून सरळ केला, तर पन्नास मायक्रॉनच्या आसपास भरेल, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढा. एका रेणूसाठी ही लांबी अफाट आहे. त्याचं एक टोक एका कणाला चिकटतं, मधला भाग दुसऱ्याला, आणखी एक भाग तिसऱ्याला. अशी जाळी विणली गेली की हजारो कण एकगठ्ठा होऊन खाली येतात.

टेबलावर दोन मेझरिंग सिलिंडर आहेत. दोन्हींत एकेक लिटर चिखल आहे आणि प्रत्येकात ५० ग्रॅम दगडाची बारीक भुकटी. मघाशी दोन्ही हलवून ठेवले, तेव्हापासून दोन्ही सारखेच गढूळ आहेत. आता उजवीकडच्यात मी सिरिंजनं पॉलिमरचं दोन मिलिलिटर द्रावण थेंबाथेंबानं सोडतो. द्रावण ०.०५ टक्क्याचं आहे, म्हणजे आत गेलेली पावडर जेमतेम एक मिलिग्रॅम. सिलिंडर हलकेच तीन-चार वेळा उलटा-सुलटा करतो. बघा, भिंतीपाशी आधी दही फुटल्यासारखे कण दिसू लागले. आता वर स्वच्छ पाण्याची पट्टी दिसते आहे, तिच्याखाली गाळाची रेषा आहे आणि ती रेषा डोळ्यांदेखत खाली सरकते आहे. डावीकडचा सिलिंडर व्याख्यान संपेपर्यंत गढूळच राहील. आता उजवीकडचा मी मुद्दाम जोरजोरानं हलवतो. पाणी पुन्हा गढूळ झालं, आणि या वेळी रेषा तितक्या वेगानं उतरत नाही. साखळ्या तुटल्या. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही, नवी मात्रा घालावी लागते. प्लँटवर पॉलिमर पाइपात कुठे सोडायचं, त्यानंतर किती वाकणं आहेत, पंप कोणता आहे, यावर निम्मं यश अवलंबून असतं, ते यामुळेच.

पॉलिमरचं द्रावण करणं हेही कसबाचं काम आहे. पावडर भुरभुरत, पसरत पाण्यात सोडावी लागते. एकदम ओतली तर गोळे होतात. बाहेरून बुळबुळीत, आत कोरडे. असे गोळे तासभर फिरवले तरी विरघळत नाहीत आणि पुढे डोसिंग लाइन तुंबवतात. नीट पडलेली पावडरसुद्धा पाऊण ते एक तास सावकाश ढवळावी लागते, तेव्हा साखळ्या उलगडतात. जमिनीवर सांडली तर त्यावर पाणी मारायचं नाही, कारण ओली झाली की ती साबणापेक्षाही निसरडी होते. आधी कोरडी झाडून घ्यायची किंवा वर लाकडाचा भुसा टाकायचा. मात्रा जास्त झाली तर गाळ चिकट होतो, थिकनरच्या, म्हणजे गाळ घट्ट करणाऱ्या टाकीच्या, तळाशी फिरणारा रेक जड होतो आणि मोटर ट्रिप होते. हे बारकावे सांभाळणारा ऑपरेटर म्हणजे त्या प्लँटचा पहिला सुरक्षा अधिकारी.

आता हिशेब मांडू. १०० टन कोरडा टाकाऊ दगड आहे असं धरा. चिखलात वजनानं ३० टक्के दगड असेल, तर त्याच्यासोबत २३३ टन पाणी जातं. तोच चिखल थिकनरमध्ये पॉलिमर देऊन ६० टक्क्यांवर आणला, तर सोबत जाणारं पाणी उरतं ६७ टन. बाकी १६६ टनांहून अधिक पाणी कारखान्यात परत फिरतं. टनाला २० ग्रॅम ही नेहमीच्या वापरातली मात्रा धरली, तर पावडर लागली दोन किलो. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना हा आकडा लगेच कळेल: दहा हजार लिटरचे सोळा टँकर भरून उरेल एवढं पाणी, दोन किलो पावडरीनं परत मिळवलं. आणि जे पाणी परत मिळालं नाही, ते तळ्यात जातं, बांधाच्या पोटात मुरतं आणि तिथे दबून राहतं.

मला सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. टाकाऊ गाळाचा धोका दगडात फार थोडा असतो. तो असतो दगडाच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्यात.

गोव्याचं उदाहरण घेऊ. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतलं लोहखनिज धुऊन घ्यावं लागतं, कारण त्यात चिकणमाती असते. धुतल्यावर लाल, मेणासारखा बारीक गाळ निघतो. लोहाचे कण, काओलिन, गिब्साइट, सगळे मायक्रॉनच्या मापातले. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झालं. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात टेलिंगची तळी आणि मातीचे ढिगारे उघड्यावर उभे राहिले. शिरगाव, मुळगाव, पिसुर्ले या गावांतल्या शेतकऱ्यांनी भाताच्या खाचरांत उतरणाऱ्या लाल गाळाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालानं अटी घालून वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा ठरवली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. २०२४ मध्ये डिचोलीत लिलावातल्या पट्ट्यावर पुन्हा काम सुरू झालं. या सगळ्या काळात खाणी कधी चालू होत्या, कधी बंद. पाऊस मात्र एकही वर्ष बंद नव्हता, आणि तो तळ्यांवर पडतच राहिला. खाण बंद झाली म्हणजे गाळाची जबाबदारी संपली, असं मानणं हीच मोठी चूक आहे.

ही चूक किती महाग पडते ते ब्राझीलनं पाहिलं. ब्रुमाजिन्यो इथल्या लोहखनिजाच्या टेलिंग बांधात गाळ टाकणं २०१६ मध्येच थांबलं होतं. २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी जेवणाच्या वेळी तो बांध काही सेकंदांत वितळल्यासारखा कोसळला आणि २७० माणसं गेली. खाली कंपनीचं कॅन्टीन होतं. तज्ज्ञांच्या समितीनं कारण दिलं ते असं: बांधाच्या पोटात पाण्याची पातळी उंच राहिली, निचरा अपुरा होता, पावसानं भर घातली आणि घट्ट वाटणारा गाळ एकाएकी द्रव झाला. त्याआधी ५ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याच राज्यात फुंदाओचा बांध फुटला, १९ जण गेले आणि लाल गाळ दोसे नदीतून थेट अटलांटिकपर्यंत पोचला. तिथे स्लाइम, म्हणजे अतिबारीक चिकट गाळ, बांधाच्या माथ्यापासून २०० मीटर लांब ठेवायचं ठरलं होतं. ते जवळ येत गेलं आणि त्याच्यावरच बांधाची पुढची उंची चढली. निचरा होणारी वाळू आणि निचरा न होणारं स्लाइम यांच्यातलं अंतर कागदावर राहिलं, जमिनीवर राहिलं नाही.

मग पॉलिमर टाकलं असतं तर हे टळलं असतं का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. पॉलिमरनं गाळ लवकर बसतो, पण लवकर बसलेला गाळ घट्ट असतोच असं नाही. गुठळ्यांच्या पोटात पाणी अडकून राहतं. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये तेलवाळूच्या तळ्यांतला बारीक गाळ ३०-३५ टक्क्यांपर्यंत घट्ट झाला आणि मग दशकानुदशकं तिथेच अडकला. त्यावर जिप्सम झालं, पॉलिमर झालं, सेंट्रिफ्यूज झालं, तरी प्रश्न पुरता सुटलेला नाही. रसायन पाण्याला वाट मोकळी करून देतं. ते पाणी बाहेर काढायला थिकनर, निचऱ्याचे थर, फिल्टर प्रेस आणि माणसाची देखरेख लागतेच. फिल्टर प्रेसनं तोच १०० टन दगड ८५ टक्क्यांवर आणला, तर सोबत उरतं अठरा टनांहूनही कमी पाणी. असा गाळ ट्रकमधून नेता येतो, थर देऊन दाबता येतो, आणि त्याच्यासाठी पाण्याचं तळं बांधावं लागत नाही. खर्च जास्त आहे, हे खरं. पण बांध फुटल्यावरचा खर्च त्या हिशेबात कुणी धरत नाही.

आपल्या मुलखाजवळचं एक उदाहरण याच वाटेवरचं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरचं बॉक्साइट बेळगावच्या हिंडाल्कोच्या ॲल्युमिना कारखान्यात जातं. कॉस्टिक सोड्यात ते शिजवल्यावर लाल चिखल उरतो. तो गाळ इतका क्षारयुक्त असतो की साधं पॉलिमर तिथे नीट काम देत नाही. जगभरच्या ॲल्युमिना कारखान्यांत त्यासाठी आधी स्टार्च वापरला गेला, मग लोहाच्या कणांना घट्ट धरणारी, हायड्रॉक्झामेट गट बसवलेली खास पॉलिमरं आली. अशा चिखलाचं तळं फुटल्यावर काय होतं, हे ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतल्या आयकामध्ये दिसलं, तिथे दहा माणसं गेली. ९ एप्रिल २०१९ रोजी झारखंडमधल्या मुरीतही तळं ढासळलं. बेळगावचा लाल चिखल आता सिमेंट कारखान्यांकडे जाऊ लागला आहे. गाळातलं पाणी काढून टाकलं की तो गाळ उचलता येतो, विकता येतो, वापरता येतो. नागपूरच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात लाल चिखलाच्या उपयोगांवर काम चालतं. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये डॉ. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या खनिजाच्या पृष्ठभागावर कोणता रेणू नेमका बसेल, हे संगणकावर आधी मांडून रसायनं घडवण्याची पद्धत विकसित केली. नेमका रेणू सापडला तर गाळातल्या लोहाचे कण तेवढे खाली येतात आणि चिकणमाती वर राहते. अंदाधुंद मात्रा वाढवण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा आहे.

रसायनाचाही हिशेब द्यायला हवा. पॉलिॲक्रिलामाइड स्वतः फारसं विषारी नाही. पण ज्या ॲक्रिलामाइडपासून ते बनतं, ते मज्जासंस्थेला घातक आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये त्याला माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत घातलं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. म्हणून पावडरच्या पोत्यासोबत उरलेल्या मोनोमरचं, म्हणजे या ॲक्रिलामाइडचं, प्रमाणपत्र मागितलंच पाहिजे. धन भाराची पॉलिमरं माशांच्या कल्ल्यांवर बसतात. खाडीकाठी ती वापरताना दुप्पट काळजी हवी. आपल्या डोंगरावरचे नाले वाघबीळ, कोलशेतवरून खाडीला मिळतात, आणि तिथे कांदळवन आहे. मातीचा गढूळ लोट आणि जास्त झालेलं पॉलिमर, दोन्ही त्याला नको आहेत.

आता महाराष्ट्राकडे पाहा. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज मोठ्या प्रमाणात निघू लागलं आहे. हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिजाची स्लरी वाहून नेणारी पाइपलाइन २०२५ मध्ये सुरू झाली. चांगल्या प्रतीच्या दगडासोबत तिथे पट्टेदार हेमेटाइट क्वार्टझाइटही आहे. त्यात लोह ३५ टक्क्यांच्या आसपास धरा. १०० टन असा दगड दळून त्यातलं ८० टक्के लोह मिळवलं आणि ६५ टक्क्यांचं खनिज बनवलं, तर माल हाती येतो ४३ टन. उरले ५७ टन, आणि तेही पिठासारखे बारीक. म्हणजे मालापेक्षा गाळ जास्त. हा गाळ जिथे राहील, तिथे जंगल आहे, नद्या आहेत, गावं आहेत. गोव्याला जे भोगल्यावर कळलं, ते गडचिरोलीला आधी कळण्याची संधी आहे.

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी होते. तिथे रोजगाराबद्दल विचारलं जातं, जमिनीबद्दल विचारलं जातं, आणि ते विचारलंच पाहिजे. त्याच्या जोडीला चार आकडे मागा. तळ्यात जाणाऱ्या गाळात दगड किती टक्के असेल? टनामागे किती पाणी परत फिरेल? कोणतं रसायन, किती मात्रेत आणि त्यात उरलेलं मोनोमर किती? बांधाच्या पोटातल्या पाण्याची पातळी कोण मोजणार आणि खाण बंद झाल्यावर कोण मोजत राहणार? या चार प्रश्नांना लेखी उत्तर मिळत नसेल, तर बाकीचा अहवाल कितीही जाड असो, तो अपुरा आहे. आपल्या बोगद्याच्या चिखलाबद्दलही हेच विचारायचा आपल्याला हक्क आहे: तो कुठे निवळतो, निवळलेलं पाणी कोणत्या नाल्यात जातं, गाळ कुठे टाकतात.

या सभागृहात निवृत्त रसायन अभियंते आहेत, ऑपरेटर आहेत, शिक्षक आहेत. जार टेस्ट कशी करतात ते तुम्हाला येतं. दोन सिलिंडर, एक सिरिंज आणि चिमूटभर पावडर एवढ्यावर कुठल्याही शाळेत ही गोष्ट मुलांना दाखवता येते. खाणीजवळच्या गावातल्या मुलाला गाळाची रेषा म्हणजे काय हे समजलं, तर उद्या जनसुनावणीत तो उभा राहील आणि नेमका आकडा मागेल. हे ज्ञान तुमच्याकडे आहे. ते कारखान्याच्या गेटबाहेर, गावापर्यंत पोचवणं हे आता तुमचं-माझं काम आहे, आणि ते करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.